बीटल्सच्या परदेशी तबकड्या जमवू इच्छिणाऱ्यांस

अष्टविनायकांच्या यात्रेत ज्याला पहिल्या दर्शनाचा मान आहे त्या मयूरेश्वराच्या मोरगावी राहावे, आणि छंद मात्र लिव्हरपूल शहरच्या चार तरुणांनी गायिलेल्या गाण्यांच्या तबकड्या, त्याही जपानात, इटलीत, जर्मनीत आणि अमेरिकेत तयार झालेल्या, जमविण्याचा धरावा, हे प्रथमदर्शनी कोणासही विक्षिप्तपणाचे वाटेल. बारामतीच्या बाजारात गुळाच्या नि कांद्याच्या भावाची चौकशी करणाऱ्या गृहस्थाने त्याच दमात ‘बीटल्सची एखादी जुनी रेकॉर्ड कुणाकडे आहे का हो?’ असे विचारले, तर ऐकणारा क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहील यात संशय नाही. परंतु जुनी नाणी वा टपालाची तिकिटे जमविणाऱ्यास जी चिकाटी आणि जी चौकस नजर लागते तीच या छंदालाही लागते, आणि त्या दोहोंची मक्तेदारी काही मुंबई-पुण्याकडे नाही. उलट जुनी वस्तू सहसा टाकून न देण्याची जी घरोघरची रीत आपल्या जिरायती मुलखात आहे, ती अशा संग्राहकाच्या पथ्यावरच पडणारी आहे.

या लेखात जे सांगावयाचे आहे त्याचा सारांश आरंभीच देऊन टाकतो, म्हणजे पुढील तपशील त्याच्या अनुरोधाने वाचता येईल. तबकडी ही ऐकण्याची वस्तू आहे खरी. पण ती जमविणाऱ्याने ऐकण्याआधी वाचावयास शिकले पाहिजे. ती कोठे घडली, केव्हा घडली, कोणाच्या हुकुमाने आणि कोणत्या साच्यातून घडली, याची साक्ष तिच्या अंगावरच नोंदलेली असते. ती साक्ष ज्याला वाचता येते त्याचा दहा तबकड्यांचा संग्रहही मोलाचा ठरतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरी पेट्या भरल्या तरी ती नुसती अडगळ होते.

मर्यादा प्रथम आखावी

बीटल्सने १९६२ ते १९७० या अवधीत आपल्या मायदेशी २२ ‘सिंगल’ प्रसिद्ध केल्या. सिंगल म्हणजे प्रत्येक बाजूस एकेक गाणे असलेली, ७ इंच व्यासाची आणि मिनिटास ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. या बावीस तबकड्या ज्या ज्या देशांत निघाल्या, तेथे त्यांची लेबले वेगळी, पाकिटे वेगळी, पुष्कळदा गाण्यांच्या जोड्याही वेगळ्या. शिवाय पुढील पाव शतकात झालेली पुनर्मुद्रणे निराळीच. हे सारे जमवू असा संकल्प करणारा मनुष्य एक तर कर्जबाजारी होतो किंवा दोन वर्षांत कंटाळतो. म्हणून आरंभीच मर्यादा आखून घ्यावी: एखाद्या देशाची, एखाद्या वर्षाची, एखाद्या लेबलाची, अथवा एकाच गाण्याची. नवख्या संग्राहकास माझी शिफारस या शेवटच्या प्रकाराची आहे. गाणे एक धरावे आणि देश अनेक हिंडावेत. त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो, आणि दोन तबकड्या शेजारी ठेवल्या असता त्यांत जो फरक दिसेल तो गाण्याचा नसून देशाचा आहे, हे ताबडतोब उमगते.

गाणे कोणते धरावे, असे कोणी विचारील तर मी ‘लेडी मॅडोना’ हे नाव सुचवीन, आणि ते तिच्या पुढच्या बाजूपेक्षा पाठीसाठी. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन हा ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईस आला होता. एच. एम. व्ही. कंपनीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांना बसवून त्याने जे काम केले, त्यातच ‘द इनर लाइट’ या गाण्याचे सर्व वाद्यसंगीत, म्हणजे सरोद, बासरी, पखवाज, पेटी यांचा मेळ, ध्वनिफितीवर उतरले. ती फीत लंडनला गेली, फेब्रुवारीत तिच्यावर गायन चढले, आणि १५ मार्च १९६८ रोजी पार्लोफोन लेबलावर आर ५६७५ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस हे गाणे जगापुढे आले. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तबकडी बाजारात आली त्या दिवशी तो स्वतः हृषीकेश येथे महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात होता. मुंबईत वाजलेले संगीत ज्या तबकडीच्या पाठीवर बसून टोकियो, मिलान आणि न्यूयॉर्क हिंडून आले, तिच्याइतकी आपल्या घरची परदेशी तबकडी दुसरी सापडणे कठीण.

एकाच गाण्याची इतकी रूपे का

तबकडी कशी घडते हे ठाऊक असल्यावाचून ती वाचता येत नाही, म्हणून ती कृती थोडक्यात सांगतो. मूळ ध्वनिफितीवरील आवाज प्रथम, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा लेप दिलेल्या तबकडीत कोरला जातो. त्या तबकडीवर धातूचा थर चढवून तो सोडवून घेतला की उलटा साचा मिळतो. त्याच्यावरून पुन्हा सुलटा साचा घेतात, त्याला कारखान्यात ‘मदर’ म्हणतात. आणि या मदरवरून पुन्हा उलटे ठसे घेतात ते ‘स्टँपर’. यंत्रात वरखाली असे दोन ठसे बसवून मध्ये तापलेल्या विनाइलचा गोळा दाबला की दोन्ही बाजूंची तबकडी एकदम बाहेर पडते. ठसा काही काळाने झिजतो आणि बदलावा लागतो; मदर मात्र पुष्कळ ठसे देते. या दाबण्याच्या कामालाच व्यापारात ‘प्रेसिंग’ म्हणतात, आणि संग्राहकांच्या बोलण्यात एखाद्या देशाचे प्रेसिंग म्हणजे त्या देशात दाबलेली प्रत.

आता तबकड्यांच्या जड पेट्या आगबोटीने परदेशी पाठविणे, त्यांवरील जकात भरणे आणि आयातीचे निर्बंध सोसणे, यापेक्षा एक मदर किंवा ध्वनिफितीची एक नक्कल विमानाने पाठवून तिकडच्या कारखान्यात माल तयार करविणे केव्हाही किफायतशीर. लंडनच्या ई. एम. आय. कंपनीच्या शाखा व संबंधित कंपन्या जगभर होत्या: जर्मनीत कोलोन येथे इलेक्ट्रोला, अमेरिकेत कॅपिटॉल, जपानात तोशिबाच्या सहकार्याने ओडिऑन, आणि भारतात कलकत्त्यानजीकच्या डमडमचा कारखाना. प्रत्येकाने आपल्या गिऱ्हाइकाची आवड, आपल्या सरकारचे कायदे आणि आपल्या छापखान्याची ऐपत यांनुसार तबकडीला वेष चढविला, आणि हे वेषांतर म्हणजेच आपल्या संग्रहाचा विषय.

आरंभ घरापासून करावा

परदेशी म्हणजे सातासमुद्रापलीकडचे, ही समजूत संग्राहकाने प्रथम सोडून दिली पाहिजे, कारण लंडनच्या किंवा ओसाकाच्या संग्राहकाच्या दृष्टीने दुर्मीळ परदेशी तबकडी ती आपल्याकडची. ज्या डमडमच्या कारखान्यातून लता मंगेशकरांची गाणी आणि मराठी भावगीते निघत होती, त्याच कारखान्यातून त्याच वर्षांत बीटल्सच्या तबकड्याही निघत होत्या. आणि त्यांत एक प्रकार असा आहे की ज्याचे नाव काढताच परदेशी संग्राहकाचे कान टवकारतात. ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या, हातून पडताच फुटणाऱ्या जड तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या सुमारास संपुष्टात आले. आपल्याकडे मात्र वीज न पोचलेल्या गावांत आणि चावीचा ग्रामोफोन अजून मोडीत न काढलेल्या घरांत त्यांना मागणी राहिल्यामुळे ते पुढेही काही वर्षे चालू होते. परिणामी ‘शी लव्हज यू’, ‘आय वॉन्ट टु होल्ड युवर हँड’ यांसारखी बीटल्सची गाणी भारतात १० इंची ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. विजेच्या गिटारीचे संगीत, आणि ते वाजणार चावी भरून! बीटल्सच्या बाबतीत हा योग इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाच्या वाट्यास कधी आला नाही.

अशा प्रती शोधाव्यात कोठे? आपल्या भागापुरते सांगावयाचे तर तीन ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे मोरगाव, सुपे, जेजुरी, बारामती येथील जुने मंडप-लाउडस्पीकरवाले. भाद्रपद आणि माघ महिन्यांत चिंचवडहून श्रींची पालखी मोरगावी येते त्या दिवसांत, लग्नसराईत आणि जत्रांत, कर्णे लावून रेकॉर्डी वाजविणाऱ्या या मंडळींनी शहरांतून तबकड्या थप्पीने विकत आणल्या होत्या, आणि थप्पीत आरत्या, लावण्या, सिनेमागीते यांच्या पोटात एखाददुसरी इंग्रजी तबकडी न वाजवता तशीच पडून राही. ‘त्या विंग्रजी कोन ऐकनार? खाली पेटीत असत्याल, बघा तुम्हीच,’ असे उत्तर मिळाले तर ते शुभचिन्ह समजावे, कारण न वाजलेली तबकडी म्हणजे न झिजलेली तबकडी.

दुसरे ठिकाण दौंड. रेल्वेचे मोठे जंक्शन असल्यामुळे तेथे अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती पुष्कळ होती, आणि पाश्चात्य नृत्यसंगीत हा त्यांच्या घरचा नित्याचा विषय. तिसरे, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर. साखर कारखान्याभोवती वसलेल्या या उद्योगनगरीत अधिकाऱ्यांचे बंगले होते, आणि अशा बंगल्यांतून बदली वा निवृत्ती झाली की सामानाची आवराआवर होते. याशिवाय पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, लष्कर भागातील जुनी ख्रिस्ती व पारशी घरे, आणि मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट ही ठिकाणे वर्षातून एकदोनदा तरी पालथी घालावीत. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे प्रख्यात दुकान २०१६ साली बंद झाले. परंतु तेथून विकल्या गेलेल्या तबकड्या काही नाहीशा झालेल्या नाहीत, त्या मुंबई-पुण्याच्या घराघरांत आहेत आणि केव्हातरी बाहेर पडणारच.

अशा घरी जाताना रीतभात सांभाळावी. प्रथम भेटीतच भावाची गोष्ट काढू नये. ज्या आजींच्या तारुण्यातले ते संगीत, त्यांना आठवणी सांगू द्याव्यात, कारण तबकडी कोणत्या साली, कोणत्या दुकानातून, कोणी आणली हा तपशील त्यांच्यापाशीच असतो आणि तो पैशाने मिळत नाही. तबकडी मौल्यवान आहे असे आपल्याला कळले असेल, तर ते मालकाला स्पष्ट सांगून वाजवी मोबदला द्यावा. अज्ञानाचा फायदा घेऊन केलेला सौदा एकदाच साधतो, आणि आपल्याकडे एका गावची वार्ता दुसऱ्या गावी पोचायला वेळ लागत नाही.

तबकडी वाचावी कशी

मोरगावच्या देवस्थानाचा कारभार चिंचवड देवस्थानाकडे आहे, आणि अशा जुन्या देवस्थानांच्या सनदा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की जाणता मनुष्य सनदेचा मजकूर वाचण्यापूर्वी तिचा कागद, तिच्यावरील शिक्का आणि शेवटचे मोर्तब पाहतो. कारण मजकुराची नक्कल कोणीही करील, शिक्कामोर्तबाची नक्कल सहसा साधत नाही. तबकडीचेही तसेच आहे. गाणे सर्वत्र तेच. असल कोणती आणि नक्कल कोणती, पहिल्या वर्षाची कोणती आणि मागाहूनची कोणती, हे ठरते लेबलावरील बारीक अक्षरांवरून आणि लेबल व गाण्याची शेवटची रेघ यांमधल्या गुळगुळीत कड्यावरून.

ब्रिटिश तबकडी हाती घेऊन ती खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावी आणि लेबलाकडे घड्याळाच्या तबकडीसारखे पाहावे. सहाच्या जागी गुळगुळीत कड्यात जो क्रमांक दाबलेला असतो तो मॅट्रिक्स क्रमांक. कोणते कोरीव काम वापरले हे त्यावरून कळते. नऊच्या जागी एखादा आकडा दिसेल, तो मदरचा अनुक्रमांक. तीनच्या जागी एकदोन रोमन अक्षरे असतील, तो ठशाचा अनुक्रमांक; आणि येथे ई. एम. आय. च्या कारखान्याने मोठी गमतीची सांकेतिक लिपी योजिली आहे. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या इंग्रजी नावातून घेतलेली जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि शून्य या अंकांसाठी वापरली आहेत. म्हणजे तीनच्या जागी ‘जी ए’ असे दिसले तर तो १३ वा ठसा, आणि एकटे ‘जी’ दिसले तर पहिला. पहिल्या मदरच्या पहिल्या ठशाची प्रत हाती आली, तर आपण त्या गाण्याच्या अगदी उगमापाशी उभे आहोत असे समजण्यास हरकत नाही.

लेबलाच्या कडेने गोलाकार छापलेला मजकूरही नजरेखालून घालावा. त्यात ‘ई. एम. आय. रेकॉर्ड्स लिमिटेड’ हे नाव असेल तर ती प्रत जुलै १९७३ नंतरची, कारण तोवर कंपनीचे नाव ‘द ग्रामोफोन कंपनी’ असे होते. १९७६ साली ब्रिटनमध्ये बीटल्सच्या साऱ्या सिंगल हिरव्या रंगाच्या सचित्र पाकिटांतून पुन्हा प्रसिद्ध करण्यात आल्या. तेव्हा हिरव्या पाकिटातली ‘लेडी मॅडोना’ कोणी १९६८ ची म्हणून देऊ लागला तर नम्रपणे परत करावी. पाकिटावर बारकोड असेल तर १९६८ चा प्रश्नच उद्भवत नाही.

‘लेडी मॅडोना’च्या अमेरिकन प्रतीचा क्रमांक कॅपिटॉल २१३८. मूळ प्रतीवर नारिंगी व पिवळ्या रंगांचा भोवरा असलेले लेबल असते. त्याच क्रमांकाची, पण हिरव्या सफरचंदाचे ॲपल लेबल असलेली प्रत १९७१ च्या पुनर्मुद्रणाची, साध्या नारिंगी लेबलाची १९७६ ची, आणि जांभळ्या लेबलाची १९७८ नंतरची. ‘लेडी मॅडोना’ निघाली तेव्हा ॲपल हे लेबल अस्तित्वातच आले नव्हते. ते ऑगस्ट १९६८ मध्ये ‘हे जूड’बरोबर आले, एवढे स्मरणात ठेवले तरी फसगत टळते. कॅपिटॉलचे कारखानेही ओळखता येतात: गुळगुळीत कड्यात त्रिकोणी खूण असेल तर तबकडी पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनची, आणि चांदणी असेल तर लॉस एंजलिसची.

जपानी प्रती देखणेपणात सर्वांवर ताण करतात. ओडिऑन लेबलाच्या या तबकड्यांना जाड कागदाचे रंगीत चित्र-पाकीट असे, आत गाण्याचे शब्द छापलेले असत, आणि किंमत पाकिटावरच येनमध्ये छापलेली असे: आरंभीच्या काळात ३३०, पुढे ३७०, मग ४००. ही छापील किंमत म्हणजे काळ ठरविण्याचे सोपे साधन. तोशिबाने धूळ न धरणारे म्हणून ‘एव्हरक्लीन’ नावाचे लाल विनाइलही वापरले; तबकडी उजेडासमोर धरली असता माणकासारखी लाल दिसते, आणि अशा प्रतींना भावही अधिक येतो.

युरोपातल्या प्रती तर आपली जन्मतारीख जणू खिशात घेऊन हिंडतात. स्पेनच्या पाकिटावर सरकारी नोंदणीचा क्रमांक कायद्याने छापावा लागे आणि त्याच्या शेवटी सालही असे. इटलीच्या तबकड्यांच्या गुळगुळीत कड्यात पुष्कळदा कोरणीची तारीखच आढळते, आणि लेबलावर लेखकांच्या हक्कसंस्थेचे तिकीट वा शिक्का असतो. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात गिऱ्हाइकाला दोन गाण्यांपेक्षा चार गाण्यांची ई. पी. पसंत असे, त्यामुळे तेथील आरंभीच्या सिंगल कमी आणि ई. पी. फार. जर्मनीसाठी तर बीटल्सने जानेवारी १९६४ मध्ये पॅरिस येथे आपली दोन गाणी जर्मन भाषेत गाऊन दिली. संग्रहाची मर्यादा पुढे कधी वाढवावीशी वाटली तर ही तबकडी प्रथम घ्यावी.

मोल, पारख आणि टपाल

तबकडीचे मोल तिच्या वयावर नसून दुर्मीळता आणि स्थिती या दोहोंवर ठरते. स्थितीसाठी जगभर इंग्रजी श्रेणी रूढ आहेत: मिंट, नियर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (‘व्हेरी गुड’), गुड. यातल्या ‘गुड’ या श्रेणीवर कोणी भाळू नये. व्यापारात तिचा अर्थ जेमतेम वाजणारी असा होतो. परदेशी प्रतींच्या बाबतीत व्हीजी प्लसच्या खाली उतरू नये. भारतीय प्रतींना मात्र हा दंडक लावून चालणार नाही, कारण आपल्याकडचे जुने प्लेअर वजनदार सुईचे आणि सुई बदलण्याचा आळस सार्वत्रिक. येथे व्हीजी प्रत मिळाली तरी समाधान मानावे.

डिस्कॉग्जसारख्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रेसिंगची स्वतंत्र नोंद आणि पूर्वी झालेल्या विक्रीचे भाव पाहावयास मिळतात. विक्रेता मागतो ती किंमत आणि प्रत्यक्ष सौदा झाला ती किंमत यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. संग्राहकाने दुसरीवर नजर ठेवावी. पैसे पाठविण्यापूर्वी विक्रेत्याकडून चार छायाचित्रे मागवावीत: दोन्ही लेबलांची, पाकिटाची, आणि गुळगुळीत कड्यातील अक्षरांची. चौथे छायाचित्र देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार करू नये. बनावट मालही या धंद्यात आहे. पाकिटावरील छायाचित्र मूळ छायाचित्रावरून न छापता दुसऱ्या छापील पाकिटावरून छापलेले असले की ते अंधुक, ठिपक्याठिपक्यांचे दिसते, आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात. साधे भिंग जवळ ठेवले तर हे एका दृष्टिक्षेपात कळते.

पार्सल मागविताना विक्रेत्यास दोन सूचना आवर्जून द्याव्यात. तबकडी चित्र-पाकिटाच्या बाहेर काढून निराळ्या साध्या पाकिटात ठेवावी, नाहीतर प्रवासात तिची कड पाकिटाची शिवण फाडते. आणि दोन्ही बाजूंस ताठ पुठ्ठे घालावेत. सीमाशुल्काच्या सीएन २२ किंवा सीएन २३ या प्रपत्रावर खरी किंमत व ‘वापरलेली ध्वनिमुद्रिका’ असा स्पष्ट उल्लेख करवून घ्यावा. किंमत कमी दाखवून जकात चुकविण्याचा मोह अंगलट येतो, कारण पार्सल गहाळ झाले वा फुटले तर भरपाईही त्या खोट्या आकड्याइतकीच मिळते. आणि चैत्र-वैशाखात शक्यतो काही मागवूच नये. आपल्याकडच्या उन्हात बंद मोटारीत तासभर पडलेले विनाइल नरम होऊन वाकते, आणि वाकलेली तबकडी घेऊन कोणाशी भांडणार?

जतन आणि वादन

पर्जन्यछायेच्या या प्रदेशात दमटपणाचा त्रास कमी, पण ऊन आणि धूळ यांचा उपद्रव भारी. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पत्र्याच्या छपराखालील खोलीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात तबकड्या ठेवणे म्हणजे त्या भाजावयास ठेवणे होय. जाड भिंतीच्या, पूर्वेकडील वा मधल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न टेकविता त्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्प्या कधीही रचू नयेत. वाळवी आणि कसर ही तबकडीला नव्हे तर पाकिटाला खातात, म्हणून कपाटाचा मागचा फळा वरचेवर तपासावा. तबकडी आतल्या पॉलिथीनच्या पिशवीत ठेवावी; पीव्हीसीच्या मऊ, चकचकीत पिशव्या दिसावयास छान, पण त्या कालांतराने तबकडीवर न पुसला जाणारा धुरकट डाग पाडतात.

धुण्याच्या बाबतीत विनाइल आणि लाख यांचा भेद कधीही विसरू नये. विनाइलची तबकडी शुद्ध केलेल्या पाण्यात साबणाच्या द्रावणाचे एकदोन थेंब टाकून, मऊ कापडाने रेघांच्या दिशेने पुसावी, लेबल कोरडे राखावे. थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळले तरी चालते. परंतु ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते आणि तिच्याबरोबर गाणेही.

वाजविण्याच्या यंत्राविषयी एवढेच सांगणे पुरे की ४५ च्या बारीक रेघेसाठी सुईचे टोक १८ ते २५ मायक्रॉनचे लागते, आणि ७८ च्या रुंद रेघेसाठी सुमारे ७५ मायक्रॉनचे. एकाच सुईने दोन्ही वाजविणारा दोन्हींचे नुकसान करतो. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवावयाचे असेल तर पोलादी सुई प्रत्येक बाजूगणिक बदलावी, असा जो जुन्या सुयांच्या डब्यांवरचा उपदेश आहे तो अक्षरशः पाळावा. आणि विनाइलची तबकडी त्या यंत्रावर चुकूनही लावू नये. अमेरिकन, जपानी व जर्मन सिंगलच्या मध्यभागी दीड इंचाचे भोक असते. त्यात बसणारी प्लॅस्टिकची चकती थोड्या पैशांत मिळते, ती प्रारंभीच घेऊन ठेवावी.

नोंदवही

या सगळ्याहून महत्त्वाचे साधन म्हणजे एक साधी, पुठ्ठ्याच्या बांधणीची नोंदवही. तिच्यात रकाने आखावेत: अनुक्रम, देश, लेबल व क्रमांक, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स, मदर व ठशाच्या खुणा, पाकिटाचे वर्णन, स्थिती, कोणाकडून मिळाली, केव्हा, किती मोबदला दिला, आणि जकात व टपालखर्च. शेवटचा रकाना शेऱ्याचा. मालकाने सांगितलेली हकिकत तेथे त्याच्याच शब्दांत लिहावी. संगणकावर यादी खुशाल करावी, पण मूळ नोंद शाईने कागदावर असावी. शंका पडल्यास ती एकट्याने उगाळीत न बसता जाणत्यांस विचारावी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या नियतकालिकातून भारतीय ध्वनिमुद्रिकांविषयी जी माहिती संकलित केली आहे ती डमडमच्या तबकड्यांचा माग काढणाऱ्यास उपयोगी पडण्याजोगी आहे.

पहिल्या वर्षासाठी बेत आखावयाचा तर ‘लेडी मॅडोना’ची एक ब्रिटिश, एक अमेरिकन आणि एक जपानी अशा तीन प्रती पुरेशा आहेत, आणि जोडीला डमडमची बीटल्सची कोणतीही एक तबकडी, मग ती ४५ ची असो वा ७८ ची. या चौघींची रुजुवात एकमेकींशी घालून, त्यांच्या खुणा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून झाल्या की पुढचा देश कोणता हे ज्याचे त्याला आपोआप सुचते. तोवर एकच नियम पाळावा: ज्या तबकडीविषयी नोंदवहीत चार ओळी भरवशाने लिहिता येत नाहीत, ती कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.